वाक्याचा कारभारी कोण?

शाळेत वाक्याचे दोन वाटे शिकलो : उद्देश्य आणि विधेय. उद्देश्य आधी, म्हणून तेच थोर, अशी माझी समजूत. धाकट्या बहिणीचा अभ्यास घेताना (घरात दुसरे कोण घेणार?) ती मोडली. 'आईने स्वयंपाक केला.' राबली आई, क्रियापद मात्र स्वयंपाकाच्या मागे!

हा वाद जुनाच. नैयायिक प्रथमान्त पदाचा अर्थ मुख्य मानतात. म्हणजे इथे स्वयंपाक. पण 'आईने मुलांना उठवले' यात प्रथमान्त पदच नाही. मग मुख्य कोण? वैयाकरण म्हणतात, क्रिया. फ्रान्सच्या तेनियेरनेही १९५९ साली निघालेल्या ग्रंथात क्रियापदच मध्यभागी बसवले.

मी वैयाकरणांच्या बाजूचा. नेवाशाच्या स्टँडवर कुणी नुसते 'आली!' म्हटले की सारे पिशव्या उचलतात. 'एस.टी.' एवढेच म्हणा, लोक विचारतील, 'तिचं काय?' हा वाद सरांनी वर्गात आणावा, पाठांतरापेक्षा त्यात गोडी आहे.

बहिणीला मात्र मी उद्देश्यच आधी लिहायला सांगितले. गुण तिचे जायचे!