९९ रुपयांचा वेबिनार लाखाच्या घरात कसा जातो? ऑनलाइन बिझनेस कोर्सच्या फीमागचं गणित

‘फक्त ९९ रुपये. शेवटच्या ७ जागा. आज रात्री १२ वाजता ऑफर बंद.’

इन्स्टाग्रामवर बिझनेसचे दोन-चार रील्स बघितले की अशी एखादी जाहिरात फीडमध्ये येतेच. खाली उलटी मोजणी करणारं घड्याळ असतं. वर घर, गाडी आणि बँकेत जमा झालेल्या पैशांचे स्क्रीनशॉट. नोकरीला कंटाळलेला तरुण, घरून काहीतरी सुरू करू पाहणारी गृहिणी, दुकानाची विक्री घटलेला व्यापारी, असे अनेक जण पैसे भरून टाकतात. कारण ९९ रुपये गेले तरी फार काही जात नाही, असं वाटतं.

खरा खर्च सुरू होतो तो त्यानंतर.

पहिली पायरी एवढी स्वस्त का असते?

९९ रुपयांत दोन-तीन तास बोलणाऱ्याची कमाई त्या ९९ रुपयांवर चालत नाही. ती पुढच्या पायऱ्यांवर असते. मार्केटिंगच्या भाषेत याला ‘व्हॅल्यू लॅडर’ म्हणतात, म्हणजे किमतींची शिडी. खालची पायरी जवळपास फुकट आणि वरची प्रत्येक पायरी आधीपेक्षा कित्येक पटींनी महाग.

या छोट्या रकमेतून विकणाऱ्याला दोन गोष्टी मिळतात. एक, तुमचा फोन नंबर. दोन, तुम्ही या विषयासाठी खिशात हात घालता याचा पुरावा. लाखो प्रेक्षकांमधून पैसे देऊ शकणारी माणसं अशी आपोआप वेगळी निघतात.

मग वेबिनारमध्ये ‘काय करायचं’ ते सांगितलं जातं. ‘कसं करायचं’ ते मुख्य कोर्समध्ये. मुख्य कोर्स घेतला की कळतं, स्वतःच्या धंद्याबद्दलचे प्रश्न विचारायचे तर ‘मेंटॉरशिप’ घ्यावी लागेल. मेंटॉरशिपच्या वर ‘इनर सर्कल’ असतं. दरम्यान जो ‘बिझनेस कौन्सेलर’ फोन करतो, तो अनेकदा विक्रीचं टार्गेट असलेला सेल्समन असतो. ‘तुमच्यात क्षमता आहे, पण इथेच थांबलात तर आधीचे पैसे वाया जातील,’ हे त्याचं ठरलेलं वाक्य. आधी गेलेले पैसे वाचवण्यासाठी माणूस आणखी पैसे घालतो, यावरच ही शिडी उभी असते.

४९ डॉलरपासून ३० हजार डॉलरपर्यंत

ही शिडी किती उंच जाऊ शकते, हे अमेरिकेतल्या एका प्रकरणातून स्पष्ट दिसलं. ‘माय ऑनलाइन बिझनेस एज्युकेशन’ म्हणजेच ‘मोबे’ नावाचा एक उद्योग होता. घरबसल्या ऑनलाइन धंदा उभा करण्याची सोपी २१ पायऱ्यांची पद्धत शिकवतो, अशी त्याची जाहिरात. सुरुवातीची किंमत ४९ डॉलर.

जून २०१८ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे तिथल्या ग्राहकहित बघणाऱ्या सरकारी यंत्रणेने, मोबेविरुद्ध फ्लोरिडातल्या कोर्टात खटला भरला. त्यात समोर आलेली मेंबरशिपची किंमत अशी होती:

सिल्व्हर: २,४९७ डॉलर
गोल्ड: ४,९९७ डॉलर
टायटेनियम: ९,९९७ डॉलर
प्लॅटिनम: १६,९९७ डॉलर
डायमंड: २९,९९७ डॉलर

पाचही मेंबरशिप घेतल्या तर बेरीज होते ६४,४८५ डॉलर. त्या वेळच्या दराने ४० लाख रुपयांहून जास्त. २१ पायऱ्या चढताना लोकांना टप्प्याटप्प्यावर पुढची मेंबरशिप घ्यायला भाग पाडलं जायचं, असं कमिशनचं म्हणणं होतं.

यातली सगळ्यात बोलकी गोष्ट वेगळीच आहे. शिकवला जाणारा ‘धंदा’ म्हणजे मुख्यतः हीच मेंबरशिप दुसऱ्यांना विकणं. ज्या पातळीची मेंबरशिप विकून कमिशन मिळवायचं, ती आधी स्वतः विकत घ्यावी लागायची. म्हणजे जास्त कमाईची आशा हवी असेल, तर आधी जास्त पैसे मोजा.

लोकांचे १२.५ कोटी डॉलरहून अधिक पैसे यात गेले, असा कमिशनचा आरोप होता. परतावा मागणाऱ्यांना नकार मिळायचा किंवा अटींवर बोट ठेवलं जायचं, हेही तक्रारीत होतं. पुढे २०२२ मध्ये कमिशनने लोकांना २.३ कोटी डॉलरहून अधिक रक्कम परत पाठवली. आरोपातल्या रकमेच्या तुलनेत हा आकडा पाचव्या भागाच्याही आत आहे. सरकारी यंत्रणा जिंकली तरी ग्राहकाचे सगळे पैसे परत येतातच असं नाही.

युक्ती जुनीच, फक्त स्क्रीन नवी

सोशल मीडियाने ही पद्धत शोधलेली नाही. अमेरिकेत डोनाल्ड ट्रम्प यांच्या नावाने चाललेली ‘ट्रम्प युनिव्हर्सिटी’ आठवून बघा. आधी फुकट सेमिनार, मग १,४९५ डॉलरचं तीन दिवसांचं शिबिर आणि त्यानंतर सुमारे ३५ हजार डॉलरचं ‘गोल्ड एलिट’ पॅकेज. शिबिरात आलेल्यांना क्रेडिट कार्डाची मर्यादा वाढवून घ्यायला सांगितलं जायचं, असा आरोप न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलनी २०१३ मध्ये दाखल केलेल्या खटल्यात होता. २०१६ मध्ये चूक कबूल न करता २.५ कोटी डॉलरवर तडजोड झाली.

आता क्रेडिट कार्डाच्या फोनऐवजी ‘नो कॉस्ट ईएमआय’चं बटण असतं, एवढाच फरक.

फी सोडून आणखी काय काय भरावं लागतं?

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत.

समजा, ९९ रुपयांच्या वेबिनारनंतर एका तरुणाने २४,९९९ रुपयांचा कोर्स घेतला. पैसे भरताना कळतं की १८ टक्के जीएसटी वेगळा. म्हणजे झाले साधारण २९,४९९ रुपये.

कोर्समध्ये सांगतात की वेबसाइट, लँडिंग पेज आणि व्हॉट्सॲप मेसेजचं सॉफ्टवेअर लागेलच. महिन्याला ३,००० धरले तर वर्षाचे ३६,००० रुपये. हे सॉफ्टवेअर डॉलरमध्ये घेतलं तर कार्डावर परकीय चलनाचा अधिभारही लागतो.

मग ग्राहक आणण्यासाठी जाहिरात. रोज ५०० रुपयांप्रमाणे तीन महिन्यांचे ४५,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ५३,१००.

एकूण बेरीज: १,१८,६९८ रुपये. यात मेंटॉरशिप अजून आलेलीच नाही. जाहिरातीत मात्र मोठ्या अक्षरांत ९९ लिहिलेलं असतं.

‘नो कॉस्ट’ ईएमआय खरंच फुकट असतो का?

मासिक हप्ता म्हणजे कर्ज. ते कोर्सवाला देत नाही, बँक किंवा एनबीएफसी देते. व्याजाची रक्कम सवलत म्हणून वळती केलेली असते किंवा किमतीत मिसळलेली असते. शिवाय प्रोसेसिंग फी आणि त्यावरचा जीएसटी असू शकतो. शून्य टक्के व्याज ही संकल्पनाच अस्तित्वात नाही, असं रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे कोर्स आवडला नाही म्हणून हप्ता थांबत नाही. कोर्सवाल्याचं भांडण वेगळं आणि कर्जाची जबाबदारी वेगळी. हप्ता चुकला तर क्रेडिट स्कोअर तुमचा घसरतो. डिजिटल कर्ज घेतल्यावर दंड न भरता त्यातून बाहेर पडण्यासाठी किमान एका दिवसाची मुदत देणं रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार बंधनकारक आहे. फोनवरच्या घाईत कर्ज घेतलं असेल, तर ही मुदत लगेच तपासावी.

मग प्रत्येक महाग कोर्स फसवा का?

नाही. पुढचा कोर्स विकणं बेकायदा नाही. टॅली शिकवणारा क्लासवालाही पुढे ॲडव्हान्स बॅच घेतो. पण त्याची पहिली बॅच करणाऱ्याला हिशेब ठेवता येतो, त्यावर नोकरी मिळू शकते. फरक ओळखायची खूण हीच आहे: पहिला कोर्स स्वतःच्या पायावर उभा राहतो का? की पुढचा घेतल्याशिवाय त्याचा उपयोगच होत नाही, अशा बेताने तो अर्धा ठेवलेला आहे?

दुसरी खूण शिकवणाऱ्याच्या कमाईची. तो जो धंदा शिकवतो त्यातून त्याला पैसे मिळतात, की फक्त तो धंदा शिकवण्यातून?

भारतात कायदा काय म्हणतो?

३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ‘डार्क पॅटर्न’बद्दल मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. ऑनलाइन ग्राहकाला चकवणाऱ्या १३ पद्धती त्यात दिल्या आहेत. ‘शेवटच्या ७ जागा’ अशी खोटी घाई करणं, किंमत आधी लपवून शेवटी थोडी थोडी वाढवत नेणं, न विचारता कार्टमध्ये वस्तू टाकणं आणि सबस्क्रिप्शनमध्ये अडकवणं, हे सगळं त्यात येतं.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, तीच चूक पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत. जाहिरात करणाऱ्या सेलिब्रिटी किंवा इन्फ्लुएन्सरलाही तो लागू शकतो.

याच कायद्याने ग्राहकाला स्वतः राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करण्याची सोय दिली आहे. कंपनी गुरुग्रामची असली तरी सांगलीच्या माणसाला सांगलीच्या ग्राहक आयोगात जाता येतं. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवता येते.

पैसे भरण्याआधी काय विचारायचं?

१. जीएसटी धरून एकूण फी किती? या कोर्सनंतर आणखी कोणते कोर्स विकले जातात आणि त्यांची किंमत काय?

२. शिकलेलं वापरायला कोणती सॉफ्टवेअर आणि जाहिरातीवर किती खर्च लागेल?

३. रिफंड कोणत्या अटींवर? ‘१०० टक्के मनी बॅक’च्या खाली सगळे व्हिडिओ बघण्याची, सगळा गृहपाठ जमा करण्याची अट आहे का?

४. एकूण किती जणांनी कोर्स केला आणि त्यातल्या किती जणांचा धंदा आज सुरू आहे? दोन-चार यशोगाथा हे याचं उत्तर नाही.

५. पैसे एकदाच जाणार, की ऑटोपे सुरू होणार? झालं असेल तर यूपीआय ॲपमध्ये जाऊन ते बंद करता येतं.

उत्तरं फोनवर ऐकून सोडू नका. ईमेल किंवा व्हॉट्सॲपवर लेखी मागा आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट ठेवा. पुढे तक्रार करायची वेळ आली तर हाच पुरावा कामी येतो. समोरचा लेखी द्यायला टाळाटाळ करत असेल, तर रात्री १२ ची मुदत खुशाल उलटू द्या.