धरणांतील गाळाचा हिशेब

पावसाळा लागला म्हणजे अमुक धरण शेंकडा किती भरलें, हे आंकडे आपण वर्तमानपत्रांत मोठ्या उत्कंठेनें वाचतों. त्या पाण्याबरोबर गाळ किती आला, हें मात्र क्वचितच कोणी विचारतो. माझ्या मतें हा दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. त्याचें महत्त्व पाहावयाचें असेल, तर नाईल नदीकडे पाहावें.

इथिओपियाच्या डोंगरांत पाऊस पडे, निळी नाईल व अतबारा या नद्या तेथील माती घेऊन खालीं धांवत, आणि पुराबरोबर ती माती इजिप्तच्या शेतांवर पसरे. असें हजारों वर्षें चाललें. पूर किती चढला हें मोजण्यासाठीं कैरो येथील रोडा बेटावर इ. स. ८६१ सालीं उभारलेला मापस्तंभ आजहि पाहावयास मिळतो.

१९०२ सालीं अस्वान येथें पहिलें धरण पुरें झालें. त्याच्या भिंतींत १८० दारें होतीं. गढूळ पुराच्या दिवसांत तीं उघडीं ठेवून गाळ पुढें जाऊं द्यावयाचा, आणि पूर ओसरून पाणी निवळूं लागलें म्हणजे दारें लावून सांठा करावयाचा, असा क्रम असे. किती साधी आणि शहाणपणाची ही योजना! परंतु एवढासा सांठा लागोपाठच्या अवर्षणांस पुरणारा नव्हता. म्हणून थोडें वरच्या बाजूस १९६० ते १९७० या काळांत उंच धरण बांधण्यांत आलें. त्यानें पूर आवरला, वीज दिली, आणि १९८० नंतरच्या अवर्षणांत इजिप्तला तारलें. हे उपकार नाकारणें कृतघ्नपणाचें होईल.

पण पाण्याबरोबर गाळहि अडला. त्यासाठीं जलाशयाच्या तळाशीं सुमारें ३१ अब्ज घनमीटर जागा राखलेली आहे खरी. तथापि गाळाला जागा देणें निराळें, आणि खालच्या प्रदेशांतील त्याची उणीव भरून काढणें निराळें. नदीमुखाशीं समुद्र किनारा खात असतो व नदी नवी माती आणून तो भरीत असते. रोझेटाचें टोंक विसाव्या शतकाच्या आरंभापासूनच मागें हटत होतें; १९६४ नंतर तो वेग वाढला, व अखेर तेथें भिंती घालाव्या लागल्या. नदीमुखाबाहेरील सार्डीन मासळीहि एकाएकीं घटली. पुढें ती पुन्हां वाढली. पण त्याचें श्रेय बरेच संशोधक शेतांतून व शहरांतून समुद्रांत वाहून जाणाऱ्या खतांना आणि सांडपाण्याला देतात!

वाचकहो, असले फेरफार एका वर्षांत दिसत नाहींत. जुने नकाशे, नदीच्या तळाचीं मापें, पाण्याच्या नमुन्यांतील मातीचीं वजनें, हीं वर्षानुवर्षें ताडून पाहावीं लागतात. हें काम कंटाळवाणें आहे. त्याचा उद्‌घाटनसमारंभ होत नाहीं, आणि म्हणूनच तें मागें पडतें.

महाराष्ट्रांत २०१७ सालीं ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना निघाली. तलावांतील गाळ काढून शेतांत टाकणें उत्तमच. पण तो उपाय लहान तलावांचा. मोठा जलाशय गाड्यांनीं उपसून होत नाहीं. तेथें निदान मापणी तरी नियमित व्हावी. धरण शेंकडा नव्वद भरलें असें आपण म्हणतों, तें नव्वद कशाचे? बांधलें त्या वेळच्या धरणाचे, कीं गाळानें उथळ झालेल्या आजच्या धरणाचे? त्या आंकड्याशेजारीं, जलाशयाचा तळ शेवटीं कोणत्या सालीं मोजला, हेंहि वर्तमानपत्रांनीं छापावें.