सरकी आपली, ढेप त्यांची!



क्विंटलभर कापसातून रुई निघते 33-34 किलो. बाकी बहुतेक सरकीच. तीच ढेप होऊन आपल्या दावणीला परत येते. विकताना भाव त्यांचा, घेतानाही त्यांचाच!

गाय रवंथ करते ती कोठीपोटातल्या जंतूंच्या जिवावर. तेच कडबा पचवतात, वाढतात आणि पुढे गायीची प्रथिने होतात. पण त्यांना नत्र हवे. ज्वारीच्या कडब्यात प्रथिने जेमतेम 3-4 टक्के. जंतू उपाशी, तर गाय उपाशी.

100 किलो कुट्टीवर 4 किलो युरिया 50 लिटर पाण्यात विरघळवून सारखा शिंपडा. दाबून, हवाबंद झाकून 21 दिवस ठेवा. वास उडाल्यावरच, थोडी थोडी सवय लावत चारा. कोरडा युरिया किंवा त्याचे पाणी जनावराच्या तोंडी जाऊ देऊ नका. ते विष आहे. सहा महिन्यांखालच्या वासरांना ही कुट्टीही नको.

ढेप कमी लागेल, सुटणार नाही. मग दुधाचा भाव ठरवताना फॅट आणि एसएनएफ मोजणाऱ्यांना ढेपेचे पोते का दिसत नाही? जळगाव-धुळ्याच्या बैठकीला येताना प्रत्येकाने लिटरमागचा खर्च लिहून आणावा: ढेप, कडबा, घरच्या बाईची मजुरीसुद्धा. आम्हाला सूट नको, अनुदान नको. घामाचे दाम हवे!