फोन आपला, किल्ली कंपनीची

जुना अँड्रॉइड फोन 'रूट' करणारा माणूस म्हटला की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर हॅकर उभा राहतो. बँकेचे ॲप त्याला दारातूनच परत पाठवते. कंपनी म्हणते, वॉरंटी गेली. घरातली मंडळी म्हणतात, कशाला नसत्या उचापती. पण ज्या वस्तूचे पूर्ण पैसे मोजले, तिच्या आत शिरायला मालकालाच चोरवाट का शोधावी लागते, हे यातला कुणीही विचारत नाही.

माझे म्हणणे आरंभीच सांगतो. कंपनीने एखाद्या फोनला अपडेट देणे थांबवले, की त्याच दिवशी त्या फोनची किल्ली मालकाच्या हातात दिली पाहिजे. अपडेटही द्यायचे नाही आणि किल्लीही सोडायची नाही, ही लबाडी आहे. तिची सर्वात मोठी किंमत तो मोजतो, ज्याला दर दोन-तीन वर्षांनी नवा फोन परवडत नाही.

आधी ही किल्ली म्हणजे काय ते पाहू. अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्स आहे. लिनक्समध्ये प्रत्येक वापरकर्त्याला एक क्रमांक असतो आणि शून्य क्रमांकाच्या वापरकर्त्याला 'रूट' म्हणतात. त्याला सगळ्या खोल्या खुल्या असतात. फोनमधल्या प्रत्येक ॲपला मात्र वेगळा क्रमांक आणि वेगळी खोली मिळते. एकाने दुसऱ्याच्या खोलीत डोकावायचे नाही. ही रचना चांगलीच आहे. अडचण एवढीच की शून्य क्रमांक फोन विकत घेणाऱ्याला दिलेला नसतो. म्हणून कंपनीने आधीच भरून ठेवलेली नको ती ॲप्स तुम्हाला फार तर बंद करता येतात, मुळातून काढता येत नाहीत.

दुसरा शब्द बूटलोडर. फोन सुरू करताना सर्वात आधी जागा होणारा हा छोटा प्रोग्राम. समोर आलेल्या सिस्टीमवर कंपनीची सही आहे का, हे तो पाहतो. तो खुला करता येत असेल, तर फोनमध्ये हवी ती सिस्टीम घालता येते आणि रूटही सरळ मार्गाने मिळते. तो कायमचा बंद असेल, तर सिस्टीममधली एखादी चूक शोधून भिंतीच्या फटीतून आत जावे लागते. जुन्या अँड्रॉइडचा सगळा इतिहास या फटींचा आहे.

पहिला अँड्रॉइड फोन, टी-मोबाइल जी-१, २००८ च्या ऑक्टोबरमध्ये आला. थोड्याच दिवसांत लक्षात आले की कीबोर्डवर जे टाइप करावे ते आत रूटच्या हक्काने आज्ञा म्हणूनही चालते. गप्पा मारताना कुणी 'रीबूट' हा इंग्रजी शब्द लिहिला की फोन खरोखरच बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा. गूगलने ही चूक दुरुस्त केली, पण तोवर लोकांनी त्याच वाटेने रूट मिळवले होते. २०१० साली 'रेज अगेन्स्ट द केज' नावाचा प्रोग्राम आला. संगणकाशी बोलणारी फोनमधली एक सेवा सुरुवातीला रूट म्हणून उठते आणि मग आपला हक्क खाली उतरवते. हा प्रोग्राम एवढ्या प्रक्रिया सुरू करायचा की नव्या प्रक्रियेला जागाच उरू नये. मग ती सेवा पुन्हा उठली की तिचे हक्क उतरवणे फसायचे. ते फसले का, हे तपासणारी ओळच लिहिलेली नव्हती. सेवा रूटच राहायची आणि फोन मोकळा व्हायचा.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. मार्च २०११ मध्ये गूगलला आपल्या बाजारातून पन्नासच्या वर ॲप्स काढून टाकावी लागली. त्यांत 'ड्रॉइडड्रीम' नावाचा घातक प्रोग्राम लपवलेला होता आणि तो हीच फट वापरून फोनचा ताबा घेत होता. अँड्रॉइड २.३ मध्ये ती फट बुजवलेली होती. पण ज्यांच्या फोनला कंपनीने २.३ दिलेच नाही, ते उघड्यावर राहिले.

सुरक्षेच्या नावाने रूटला विरोध करणाऱ्यांनी हा प्रसंग नीट पाहावा. दार कुलूपबंद केल्याने चोर थांबला नाही. मालकाला मात्र चोराच्याच फटीतून ये-जा करावी लागली. शिवाय अशी फट बुजवली तर आपला रस्ताही बंद होईल, या भीतीने कितीतरी लोकांनी अपडेट घेणे टाळले. मालकाला सरळ दार दिले असते तर फटी बुजवण्यात मालक आणि कंपनी दोघांचेही हित राहिले असते.

सरळ दार देता येते, हे गूगलनेच दाखवून दिले आहे. २०१० च्या नेक्सस वन या फोनचा बूटलोडर संगणकाला जोडून एका आज्ञेने खुला होत असे. पुढच्या नेक्सस फोनमध्ये तसे करताना फोनमधला सगळा मजकूर आपोआप पुसला जाई. म्हणजे चोराने फोन पळवून कुलूप उघडले तरी तुमचे फोटो आणि निरोप त्याच्या हाती लागत नाहीत. मालकाचा हक्कही राहिला आणि सुरक्षाही. मे २०११ मध्ये ग्राहकांच्या ओरडीनंतर एचटीसी कंपनीनेही यापुढे बूटलोडर बंद ठेवणार नाही असे जाहीर केले. म्हणजे अडचण तंत्राची नव्हती, इच्छेची होती.

हे सगळे हौशी पोरांचे खेळ आहेत असे कुणाला वाटत असेल, तर आपल्या भाषेचे उदाहरण घ्या. डिसेंबर २०१० मध्ये आलेल्या अँड्रॉइड २.३, म्हणजे जिंजरब्रेडच्या बहुतेक फोनवर मराठी मजकूर उघडला की चौकोनी डब्यांची रांग दिसायची. पैसे मराठी माणसाचे, पण मराठी अक्षर फोनला माहीत नाही. काही लोक ऑपेरा मिनी ब्राउझरमध्ये एक छुपी सेटिंग बदलून अक्षरांचे चित्र मागवायचे. बाकीच्यांना रूट करून सिस्टीमच्या फॉन्टच्या फोल्डरमध्ये देवनागरी फॉन्ट टाकावा लागायचा. जोडाक्षरे तरीही तुटायची, पण वाचता तरी यायचे. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये मराठी भाषा आली ती ५.० या आवृत्तीत, २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये. उर्दूची तऱ्हा आणखी वेगळी. उर्दू वाचणाऱ्याचा डोळा नस्तालीक लिपीवर घडलेला असतो. फोन त्याला नस्ख वळणाची अक्षरे दाखवायचा. आपल्या वळणाचा फॉन्ट घालायचा तर पुन्हा रूटच. ज्याला हॅकिंग म्हणून हिणवले गेले, ते कितीतरी घरांत फक्त आपली भाषा वाचण्यासाठी केलेले होते.

आता फोनच्या आयुष्याकडे येऊ. सॅमसंगचा गॅलेक्सी एस-२ हा २०११ चा गाजलेला फोन. तो जिंजरब्रेडवर आला. कंपनीने त्याला ४.१.२ पर्यंत आणून सोडले. पण त्याच्या आंतरराष्ट्रीय मॉडेलचा बूटलोडर बंद नव्हता. म्हणून स्टीव्ह कोंडिक यांनी सुरू केलेल्या सायनोजेनमॉडच्या आणि २०१६ च्या डिसेंबरमध्ये तिच्या जागी आलेल्या लिनिएजओएसच्या स्वयंसेवकांनी त्याच फोनवर अँड्रॉइड ७.१ चालवून दाखवले.

या दोन आकड्यांतला फरक समजून घ्या. व्हॉट्सॲपने ऑक्टोबर २०२३ मध्ये ५.० च्या खालच्या अँड्रॉइडला रामराम ठोकला. 'लेट्स एन्क्रिप्ट' ही संस्था जगभरच्या कोट्यवधी संकेतस्थळांना मोफत सुरक्षा प्रमाणपत्र देते. तिचे मूळ प्रमाणपत्र ७.१.१ च्या आधीच्या अँड्रॉइडला ओळखीचे नाही. संस्थेने तडजोड करून जुने फोन काही वर्षे तगवले, २०२४ मध्ये ती मुदतही संपली. म्हणजे कंपनीने सोडलेल्या जागी थांबलेल्या फोनवर ना व्हॉट्सॲप, ना धड इंटरनेट. काच शाबूत, बॅटरी बदलता येण्यासारखी, आवाज स्पष्ट, तरी फोन बाद. तोच फोन स्वयंसेवकांच्या हाती गेला तर आणखी काही वर्षे निरोप पाठवू शकला असता. एक जीबी मेमरीचा फोन आजच्या ॲप्सना हळू वाटणार, हे खरे. पण हळू चालणारा फोन आणि मेलेला फोन यांत फरक आहे. तो फरक आजी-आजोबांना कळतो, गावाहून शिकायला आलेल्या पोराला कळतो, एका फोनवर तीन भावंडांचा अभ्यास चालवणाऱ्या घराला तर चांगलाच कळतो.

बँकांचे आणि पैसे पाठवण्याच्या ॲप्सचे वागणे मला सर्वात अनाकलनीय वाटते. गूगलने ॲप्सना फोनची परीक्षा घेण्याची सोय दिली. आधी तिचे नाव सेफ्टीनेट होते, आता प्ले इंटिग्रिटी आहे. फोनमध्ये कंपनीचीच सिस्टीम आहे का, बूटलोडर बंद आहे का, याकडे तिचा मुख्य रोख. परिणाम असा की मालकाने नवी सिस्टीम आणि ताजे सुरक्षा पॅच घातलेला फोन अनेकदा नापास होतो. पाच वर्षांपूर्वीचा, भोके न बुजवलेला, पण कंपनीच्या सहीचा फोन बहुतेक वेळा पास होतो. गूगलने अलीकडे परीक्षेच्या सर्वात कडक पातळीवर नव्या अँड्रॉइडसाठी वर्षभरातला पॅच मागायला सुरुवात केली, हे योग्यच झाले. पण पॅच हवा म्हणायचे आणि मालकाने स्वतः घातलेला पॅच नाकारायचा, यात सुरक्षेपेक्षा सहीला जास्त मान आहे.

रूटमध्ये धोका नाही असे मी म्हणणार नाही. रूटचा हक्क मिळालेले ॲप बाकी सगळ्या ॲप्सच्या खोल्यांत शिरू शकते. 'एका बटणात रूट' म्हणून फिरणारी, कुणी बनवली ते ठाऊक नसलेली ॲप्स घालणे म्हणजे अनोळखी माणसाच्या हाती घराच्या किल्ल्या देणे. चुकीची फाइल घातली तर फोन वीट होऊन पडतो. सॅमसंगच्या नॉक्स असलेल्या फोनमध्ये एक फ्यूजही असतो. कंपनीची सही नसलेली सिस्टीम घातली की तो उडतो आणि पुन्हा कधीच जोडता येत नाही. म्हणून ज्याच्याकडे एकच फोन आहे आणि त्यावरच बँकेचा व्यवहार आहे, त्याने घाईने हे करू नये. पण धोका आहे म्हणून हक्क नाही, हा न्याय आपण दुसऱ्या कुठल्या वस्तूला लावतो? स्कूटरचे इंजिन उघडायलाही कौशल्य लागते. म्हणून कुणी इंजिनाला कंपनीचे कुलूप लावून देत नाही.

कायद्याचा बागुलबुवाही उभा केला जातो. अमेरिकेत २६ जुलै २०१० रोजी स्मार्टफोन मोकळा करण्याला कॉपीराइट कायद्यातून अधिकृत सूट मिळाली. २०१२ च्या फेरीत गंमत अशी झाली की फोनला सूट राहिली आणि टॅबलेटला नाकारली गेली. टॅबलेटला ती मिळायला २०१५ उजाडले. आपल्याकडे कॉपीराइट कायद्यात २०१२ साली ६५-अ हे कलम आले. तांत्रिक कुलूप तोडणे त्यात गुन्हा ठरते ते कॉपीराइटचा भंग करण्याच्या हेतूने तोडले तर. आपल्याच फोनमध्ये मराठी फॉन्ट घालणाऱ्याचा किंवा सुरक्षा पॅच लावणाऱ्याचा हेतू तो नसतो. उलट, अँड्रॉइडच्या तळाशी असलेल्या लिनक्स कर्नलचा परवाना, जीपीएल, कंपन्यांवरच बंधन घालतो की फोनबरोबर दिलेल्या कर्नलचा सोर्स कोड मागणाऱ्याला द्या. ते देण्यात टाळाटाळ करणाऱ्या कंपन्यांना मात्र कुणी हॅकर म्हणत नाही.

यात पोटाचा प्रश्नही आहे. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालाने नोंदवले होते की मुसलमानांत स्वयंरोजगाराचे प्रमाण इतर समाजांपेक्षा जास्त आहे. आपल्या मोहल्ल्यांतली मोबाइल दुरुस्तीची दुकाने याच रांगेतली. 'सॉफ्टवेअर मारून देतो' हे त्या दुकानातले रोजचे वाक्य. औपचारिक शिक्षण अर्धवट सुटलेल्या कितीतरी मुलांनी बूटलोडर, पार्टिशन, रिकव्हरी हे शब्द याच काउंटरमागे शिकले. किल्ली कंपनीच्या सर्व्हरवर गेली की या मुलांकडे काच आणि बॅटरी बदलण्यापुरतेच काम उरते.

केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारे, वाहने यांच्याबरोबर मोबाइल फोनही तिच्या यादीत होते. पण या हक्काची चर्चा स्क्रीन, बॅटरी, सुट्या भागांपाशी थांबून चालणार नाही. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून नियम लागू केला की त्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षे सिस्टीमचे अपडेट द्यावे लागतील. आपल्याकडे मागणी अशी हवी: अपडेट कुठल्या तारखेपर्यंत मिळणार हे खोक्यावर छापा. शेवटच्या अपडेटबरोबर बूटलोडर खुला करण्याची सोय द्या. कर्नलचा कोड खुला ठेवा. आणि बँकांनी फोनचा पॅच किती जुना आहे ते तपासावे, फक्त सही कुणाची आहे ते नव्हे.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर पुढचा फोन घेताना कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल विचारण्याआधी दुकानदाराला दोन गोष्टी विचारा. याला अपडेट किती वर्षे मिळणार? आणि याचा बूटलोडर खुला होतो का? त्याला माहीत नसेल, तर त्याने कंपनीच्या माणसाला विचारावे. गिऱ्हाईक विचारत नाही तोवर कंपनीला उत्तर तयार ठेवण्याची गरज भासत नाही.