छोटी बहीण आणि तिच्या खांद्यावरचे घर

श्रावणी पौर्णिमेला रायगडच्या किनाऱ्यावर दोन सण हातात हात घालून येतात. अलिबाग, रेवदंडा, मुरूडच्या कोळीवाड्यांतून दर्याला नारळ अर्पण होतो आणि त्याच दिवशी घराघरांत बहिणी भावाच्या मनगटाला राखी बांधतात. ध्वनिक्षेपकावर दिवसभर कोळीगीते वाजत असली, तरी अधूनमधून एक जुने हिंदी गीत हमखास लागते. ‘छोटी बहन’ या १९५९ सालच्या चित्रपटातील ते रक्षाबंधनाचे गीत. शब्द शैलेंद्रांचे, संगीत शंकर-जयकिशन यांचे, स्वर लता मंगेशकरांचा आणि पडद्यावर चेहरा नंदाचा. या गीताने नंदाला साऱ्या देशाची धाकटी बहीण करून टाकले. गीत गाणारी आणि पडद्यावर ते सादर करणारी, या दोघींची बालपणे एकाच माणसाच्या चित्रसंस्थेच्या सावलीत गेली होती, हे मात्र ते ऐकणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

तो माणूस म्हणजे मास्टर विनायक. विनायक दामोदर कर्नाटकी हे त्यांचे पूर्ण नाव. कोल्हापूरच्या चित्रपरंपरेतला हा बुद्धिमान नट-दिग्दर्शक. आचार्य अत्रे यांच्या लेखणीतून उतरलेला ‘ब्रह्मचारी’ (१९३८) त्यांनी पडद्यावर आणला आणि मराठी माणसाला स्वतःवर हसायला शिकविले. भालजी व बाबुराव पेंढारकर हे त्यांचे बंधू, व्ही. शांताराम नात्यातले. अशा घरात ८ जानेवारी १९३९ रोजी नंदाचा जन्म झाला.

२४ एप्रिल १९४२ रोजी मास्टर दीनानाथ मंगेशकर निवर्तले. थोरली लता तेव्हा साडेबारा वर्षांची होती. या कुटुंबाच्या पाठीशी विनायकराव उभे राहिले. ‘पहिली मंगळागौर’ (१९४२) या चित्रपटात लताने छोटी भूमिका केली, पुढे त्यांच्या प्रफुल्ल पिक्चर्समध्ये तिला नोकरी मिळाली आणि मंगेशकरांच्या घरातली चूल पेटती राहिली. लताला कॅमेऱ्यापुढे उभे राहणे मनापासून आवडत नसे, हे तिने पुढे अनेकदा सांगितले आहे. आवडीनिवडीला वाव देणारी ती वेळच नव्हती.

नियतीचा खेळ असा की, पाच वर्षांनी हाच प्रसंग विनायकरावांच्या स्वतःच्या घरावर आला. १९ ऑगस्ट १९४७ रोजी, देश स्वतंत्र होऊन जेमतेम चार दिवस लोटले असताना, वयाच्या ४१व्या वर्षी त्यांचे निधन झाले. मागे पत्नी आणि लहान लहान मुले. दुसऱ्याच्या पोरक्या मुलीला ज्याने आधार दिला, त्याच्याच आठ वर्षांच्या मुलीला आता घरासाठी उभे राहावे लागले. विनायकरावांच्या अखेरच्या काळात हाती असलेला ‘मंदिर’ हा चित्रपट १९४८ मध्ये पडद्यावर आला. त्यात ही मुलगी एका मुलाच्या भूमिकेत दिसते. श्रेयनामावलीत तिचे नाव ‘बेबी नंदा’ असे लागू लागले ते याच काळात. शिक्षण शाळेत न होता घरीच, चित्रीकरणाच्या वेळा सांभाळून झाले. ‘जग्गू’ (१९५२) सारख्या चित्रपटांतून बालभूमिका करीत ती वाढली. ‘शेवग्याच्या शेंगा’ (१९५५) हा मराठी चित्रपट केला आणि १९५६ मध्ये शांतारामांच्या राजकमलने ‘तूफान और दिया’मध्ये तिला प्रमुख भूमिका दिली. तिचे वय तेव्हा सतरा. कामाचा अनुभव मात्र जवळजवळ दहा वर्षांचा.

या कारकिर्दीतील विरोधाभास असा की, पडद्यावरची नंदा ही सदैव रक्षणाची अपेक्षा करणारी बहीण होती. ‘छोटी बहन’मधील मीना तर दृष्टी गमावते आणि बलराज साहनी व रहमान या भावांच्या मायेवर अवलंबून राहते. ‘भाभी’ (१९५७) मध्ये ती तरुण विधवा आहे. ‘आँचल’ (१९६०) साठी तिला फिल्मफेअरचे सहायक अभिनेत्रीचे पारितोषिक मिळाले, तेही अशाच सोशिक, घरंदाज भूमिकेच्या वळणाने. प्रेक्षक हळहळत होते, डोळे पुसत होते. प्रत्यक्षात मात्र ही ‘असहाय’ मुलगी आपल्या भावंडांचा आधार होती. राखीचा धागा तिच्या बाबतीत उलटा बांधला गेला होता. रक्षण करणारे मनगट तिचेच होते.

आपल्या समाजाला अशा त्यागाचे मोठे कौतुक. ते असावेही. कुटुंबासाठी झिजणे हे आपल्याकडे मूल्य आहे, आणि ज्या समाजात ते राहिले नाही तिथली एकाकी वार्धक्ये आपण पाहतोच. पण कौतुक करताना एक प्रश्न टाळता येत नाही. हा त्याग त्या मुलीने निवडला होता काय? प्रौढ माणूस आपले सुख बाजूला ठेवतो तेव्हा तो त्याग असतो. आठ वर्षांच्या मुलीचे बालपण परिस्थितीने काढून घेतले जाते तेव्हा त्यालाही तेच नाव देणे ही मोठ्यांची सोय आहे. विनायकरावांसारखा एखादा सहृदय माणूस मंगेशकरांना भेटला. पण समाजाची व्यवस्था अशी योगायोगावर सोडून द्यायची काय?

नंदाने त्या चौकटीतून बाहेर पडण्याचे धाडस स्वतःच केले, हे तिचे खरे मोठेपण. ‘हम दोनों’ (१९६१) मध्ये ती देव आनंदची पत्नी झाली. जयदेव यांनी संगीत दिलेले त्यातील भजन तिच्यावरच चित्रित झाले आहे, आणि स्वर पुन्हा लतादीदींचा. शशी कपूर नवखे असताना ‘चार दीवारी’ आणि ‘मेहंदी लगी मेरे हाथ’ या चित्रपटांत तिने त्यांना साथ दिली. दोन्ही चित्रपटांना फारसे यश लाभले नाही, तरी ती मागे हटली नाही. १९६५ मध्ये ‘जब जब फूल खिले’ आला आणि काश्मिरी नावाड्याच्या प्रेमात पडलेली, पाश्चात्त्य वेशातील श्रीमंत तरुणी लोकांनी डोक्यावर घेतली. ‘इत्तेफाक’ (१९६९) हा तर कळसच. यश चोप्रांच्या या चित्रपटात एकही गाणे नाही, पावसाळी रात्र आहे, एक घर आहे आणि घरात आहे एक गूढ स्त्री. ‘छोटी बहीण’ खुनाच्या सावलीत उभी राहू शकते, हे त्या काळच्या प्रेक्षकाला पचविणे सोपे नव्हते. ज्यांनी नंदाला फक्त राखीच्या गाण्यात पाहिले आहे त्यांनी हा चित्रपट अवश्य पाहावा.

प्रत्येक बालकलाकाराची नंदा होत नाही. ‘बूट पॉलिश’ (१९५४) मधील जॉन चाचा आठवतात? ते डेव्हिड अब्राहम चेऊलकर, आडनावात आपले चौल बाळगणारे बेने इस्रायली नट. त्यांच्याबरोबर त्या चित्रपटात असलेल्या बेबी नाझच्या अभिनयाची १९५५ च्या कान महोत्सवात विशेष नोंद घेतली गेली. जगाने गौरविलेली ही मुलगी मोठेपणी दुय्यम भूमिकांत राहिली आणि पुढे इतर नायिकांना आपला आवाज देत राहिली. टाळ्या वाजविणारे तोवर दुसऱ्या चिमुकल्याकडे वळले होते.

अमेरिकेत चॅप्लिनच्या ‘द किड’ (१९२१) मधील जॅकी कूगन या मुलाने लाखो डॉलर मिळविले; सज्ञान झाल्यावर हाती जवळजवळ काही उरले नाही. १९३८ मध्ये त्याने आई व सावत्र पित्यावर दावा लावला आणि त्यातून १९३९ मध्ये कॅलिफोर्नियात बालकलाकारांच्या कमाईचा काही भाग राखून ठेवण्याचा कायदा झाला. नंदाच्या जन्माचे तेच वर्ष. भारताला इथवर यायला २०१६ उजाडले. बालकामगारविषयक कायद्याच्या त्या वर्षीच्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना कामाला ठेवण्यास सर्वत्र बंदी केली, पण दृक्-श्राव्य मनोरंजनातील बालकलाकारांना वगळले. पुढल्या वर्षीच्या नियमांनी या सवलतीला अटी घातल्या. दिवसाला पाच तासांहून अधिक काम नाही, विश्रांतीवाचून सलग तीन तासांहून अधिक नाही, सलग सत्तावीस दिवसांहून अधिक नाही. मुलाच्या इच्छेविरुद्ध काम नाही. मिळकतीचा किमान वीस टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत. आणि या सर्वाआधी, जिथे चित्रीकरण व्हायचे त्या जिल्ह्याच्या दंडाधिकाऱ्यांची परवानगी.

हा शेवटचा मुद्दा रायगडच्या वाचकाने नीट वाचावा. अलिबाग, नागाव, काशीद, मुरूड हा पट्टा आज चित्रीकरणाचे आवडते ठिकाण आहे. किनाऱ्यावरच्या वाडीत मालिकेसाठी एखादे सात वर्षांचे मूल उन्हात पुन्हा पुन्हा तोच संवाद म्हणत असेल, तर त्याची परवानगी अलिबागेतूनच मिळालेली असली पाहिजे. किती गावकरी, किती शिक्षक हे विचारतात? कौतुकाने भ्रमणध्वनीवर छायाचित्र काढण्यापुढे सहसा कोणी जात नाही. मांडव्याहून भाऊच्या धक्क्याला २०२० पासून रो-रो सेवा सुरू झाली. मुंबईतील गाण्या-नाचाच्या स्पर्धांच्या निवड चाचण्या किनाऱ्यावरच्या पालकांना आता दूर राहिलेल्या नाहीत. हौस वाईट नाही. कला तर नाहीच नाही. पण विनायकरावांच्या घरात नाइलाज होता. आजच्या सुस्थितीतील घरात तो नसताना मुलाची शाळा बुडते, तेव्हा दोष परिस्थितीवर ढकलता येत नाही.

वीस टक्के ही कायद्याची किमान मर्यादा आहे. पालकांनी शंभर टक्के मुलाच्या नावे ठेवण्यास कोणाचीही हरकत नाही.

नंदाने लग्न केले नाही. १९८० नंतर ‘आहिस्ता आहिस्ता’, ‘प्रेम रोग’ आणि ‘मजदूर’ या तीन चित्रपटांत ती पद्मिनी कोल्हापुरेची आई झाली. पद्मिनीही मराठी घरातली, तीही लहानपणीच कॅमेऱ्यापुढे उभी राहिलेली. त्यानंतर नंदाने पडद्याचा निरोप घेतला. वहिदा रेहमान, आशा पारेख अशा निवडक मैत्रिणींच्या सहवासात ती शांतपणे राहिली. २५ मार्च २०१४ रोजी मुंबईत तिचे निधन झाले तेव्हा ती पंचाहत्तर वर्षांची होती. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांनी तिला निरोप दिला तो मुख्यतः ‘छोटी बहीण’ म्हणूनच.