खाटेवरचं अंतराळ

जर्मनीत कोलोनला डीएलआर या अंतराळसंस्थेच्या प्रयोगशाळेत धडधाकट माणसांना दोन-दोन महिने आडवं ठेवतात. पलंग डोक्याकडे 6 अंशांनी उतरता. जेवण, आंघोळ, शौच, सगळं पडल्या पडल्या. कूस बदलायला मुभा आहे, पण एक खांदा कायम गादीला टेकलेला हवा. 2019 मध्ये नासाला सोबत घेऊन तिथे असाच 60 दिवसांचा प्रयोग झाला. वजनरहित अवस्थेत शरीराचं काय होतं, ते जमिनीवरच पाहायची ही रीत.

होतं ते असं. भार पेलायचं काम उरलं नाही, की आपल्याला उभं धरणारे पोटरीचे आणि मांडीचे स्नायू सगळ्यांत आधी रोडावतात. ताकद तर आकाराहूनही वेगाने घटते, कारण मेंदूकडून स्नायूंना सुटणारे हुकूमही ढिले पडतात. त्यातच पायांकडचं रक्त छातीकडे आणि डोक्याकडे सरकतं. पाणी फार झालं असं समजून शरीर ते लघवीवाटे काढून टाकतं, आणि थोड्याच दिवसांत रक्तातला द्रव दहा-पंधरा टक्क्यांनी उतरतो. पाणी कमी पडलं म्हणून एका झटक्याचं बळ फारसं जात नाही, दम मात्र लवकर संपतो. मूठ घट्ट आवळता येते, जिना चढवत नाही.

जून 1970 मध्ये सोयूझ-9 या सोव्हिएत यानातून 18 दिवसांनी परतलेल्या निकोलायेव आणि सेवास्त्यानोव या अंतराळवीरांना धड चालता येईना. अंतराळवैद्यांनी यातून धडा घेतला. आज अंतराळस्थानकात रोज दोनेक तास व्यायाम चुकत नाही, आणि पृथ्वीवर उतरण्याआधी मीठ आणि भरपूर पाणी पोटात जातं.

आपल्या घरांनी हा धडा अजून घेतलेला नाही. आजी तापातून उठते, तर सगळे बजावतात, ‘पडून राहा, हातात आणून देतो.’ उशाशी तांब्या भरलेला असतो, पण आजी घोटभरच पिते. रात्री बाथरूमसाठी सुनेची झोपमोड नको, हा तिचा हिशेब. प्रयोगशाळेत ज्या दोन गोष्टी मुद्दाम घडवून आणतात, त्या आपण मायेपोटी एकाच खाटेवर जमवतो.

याची किंमत मोजलेली आहे. साठी ओलांडलेल्या निरोगी स्त्री-पुरुषांना अमेरिकेतल्या संशोधकांनी दहा दिवस झोपवून ठेवलं, तेव्हा त्यांच्या पायांतून जवळपास किलोभर वस्तुमान गेलं, तेही चरबी सोडून. हा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. ही माणसं आजारी नव्हती आणि नीट जेवतही होती. मग न्यूमोनियातून उठलेल्या, दोन घास कसेबसे गिळणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचं काय होत असेल? पुढे ते बाथरूममध्ये पडलं की आपण वयाला बोल लावतो. तरुणांनीही निर्धास्त राहू नये. 1966 मध्ये डॅलसमध्ये विशीतले पाच जण तीन आठवडे अंथरुणात ठेवले होते. तीस वर्षांनी त्यांना पुन्हा तपासलं, तेव्हा इतक्या वर्षांच्या वयानेही त्यांचा दम त्या तीन आठवड्यांइतका खच्ची केलेला नव्हता.

विश्रांती लागतेच, आणि काही दुखण्यांत सक्तीची असते. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या काही रुग्णांना पाणीही मोजूनच द्यावं लागतं. पण ते डॉक्टरांनी ठरवावं, घरच्यांच्या काळजीने नव्हे. डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांच्या वेळा लिहिलेल्या असतात. त्याखाली आणखी तीन ओळी हव्यात: खुर्चीत कधी बसवायचं, किती पावलं चालवायचं, दिवसभरात पाणी किती. त्या नसतील तर नातेवाइकांनी काउंटरवर बिल भरण्याआधी डॉक्टरांना गाठून लिहून घ्याव्यात. आणि आजीला रात्री उठायला संकोच वाटू नये, हे घरातल्या धडधाकट माणसांनी पाहावं. एकदा झोपमोड झाली तर सोसता येते. मोडलेलं खुब्याचं हाड सगळ्या घराला महागात पडतं.