‘रद्द’ आणि ‘रद्दबातल’ यांत फरक काय?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावल्यांतील जातीवर आधारलेले कामवाटप घटनाबाह्य ठरवले. त्या दिवशी आमच्या ग्रुपवर ‘जुने नियम रद्द झाले, जय भीम’ असे मेसेज फिरले. आनंद रास्तच होता. पण आपण कार्यकर्ते ‘रद्द’ हा शब्द फार सैल वापरतो, आणि त्याची किंमत नंतर मोजतो.

‘रद्दबातल’ या शब्दाचे दोन्ही तुकडे मूळचे अरबी, फारसीमार्गे आपल्या दरबारी मराठीत आले. ‘रद्द’ म्हणजे परतवणे, नाकारणे. कागदाची ‘रद्दी’ही त्याच घरातली. ‘बातल’ म्हणजे ‘बातिल’: खोटे, निराधार. म्हणजे एका तुकड्यात गोष्ट मागे घेतली जाते, दुसऱ्यात तिला मुळात आधारच नव्हता असे म्हटले जाते. तिकीट रद्द होते, कारण ते आधी खरे होते. निराधार गोष्टीचे तसे नसते. कायद्याच्या मराठीत तिला ‘शून्य’ म्हणतात.

हा फरक आपल्या समाजाने महाडला भोगला आहे. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे अस्पृश्यांना खुले करणारा ठराव केला. मार्च १९२७ मध्ये बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली लोक प्रत्यक्ष पाणी प्यायले, आणि ४ ऑगस्ट १९२७ ला त्याच नगरपालिकेने तो ठराव रद्द केला. बहुमताने दिलेले बहुमताने काढून घेतले. पुढे सवर्णांनी कोर्टात ‘ही आमची जुनी वहिवाट’ असा दावा लावला. ती वहिवाट अनादी काळापासूनची असल्याचे सिद्ध होत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी सांगितले. घोटभर पाण्यासाठी दहा वर्षे!

आता संविधानाचे कलम १३ वाचा. मूलभूत हक्कांशी विसंगत असलेले संविधानपूर्व कायदे त्या विसंगतीपुरते शून्य. आणि ‘कायदा’ या शब्दात तिथे कायद्याइतके बळ असलेली रूढी आणि प्रथाही येते. ज्या मसुदा समितीच्या अध्यक्षाने वहिवाटीच्या नावाखालचा दावा स्वतः लढवला होता, तिच्या मसुद्यात हे शब्द यावेत, हा आम्हाला योगायोग वाटत नाही.

इथे एक मेख आहे. १९५१ च्या केशवन माधव मेनन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की जुने कायदे जन्मापासून नव्हे, तर २६ जानेवारी १९५० पासून शून्य होतात. म्हणजे तुरुंगांतल्या ब्रिटिशकालीन जातीय तरतुदी त्या दिवशीच निष्प्राण व्हायला हव्या होत्या. तरी त्या ७४ वर्षे चालल्या. उत्तर प्रदेशच्या नियमावलीत साध्या कैदेतल्या कैद्याला हलके काम देऊ नये असे होते. मात्र तो असे काम करण्याची सवय असलेल्या समाजातला असेल तर द्यावे! कागदावर शून्य, बराकीत झाडू. पत्रकार सुकन्या शांता कोर्टात गेल्या तेव्हा कुठे हे थांबवण्याचा हुकूम निघाला. त्यांच्या याचिकेवर ज्या राज्यांना नोटीस गेली, त्यांत महाराष्ट्रही होता.

म्हणूनच निकालाचा दुसरा भाग आम्हाला जास्त मोलाचा वाटतो. राज्यांनी तीन महिन्यांत नियमावल्या सुधाराव्यात, कैद्यांच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढावा, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि अभ्यागत मंडळाने मिळून नियमित तपासणी करावी, असे त्यात आहे. आपल्या जिल्ह्यातल्या तरुणांनी माहिती अधिकारात तीनच प्रश्न टाकावेत: रकाना कोणत्या तारखेला काढला, तपासणी किती वेळा झाली, तिचा अहवाल कुठे आहे. ‘नियम रद्द झाले का’ असे मात्र विचारू नका. ‘हो’ असे एका शब्दाचे उत्तर येईल आणि अर्ज निकाली निघेल.